दारावरच्या लोंब्या

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. पण गुंजवणीच्या खोऱ्यातली माणसे अजून बाजाराला वेल्ह्यालाच जातात. तिथल्या एका घरी काही वर्षांपूर्वी मी जमिनीचे जुने कागद पाहायला गेलो होतो. दसरा नुकताच झाला होता. चौकटीवर हळव्या भाताच्या लोंब्यांची जुडी बांधली होती आणि दोन चिमण्या तिला बिलगून दाणे सोलत होत्या. मी सवयीने हात हलवला, तशा घरातल्या आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यांचंच हाय ते."

कागद कामाचे निघाले नाहीत. ते वाक्य मात्र मी बरोबर घेऊन आलो. नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधण्याची चाल कोकणातही आहे. तिथे तिला 'नवं' बांधणे म्हणतात. नव्या पिकाचा मान, घरात धान्य येत राहो ही इच्छा, असा तिचा अर्थ आपण लावतो. आजींनी त्यात पाखरांचा हक्क सहज धरला होता. त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा गरव्या भाताच्या खाचरावर पत्र्याचा डबा वाजवून हीच पाखरे हाकलत होता. शेतात चोर आणि दारात वाटेकरी, असा हा दुहेरी व्यवहार. त्याचा माग काढावा असे मला वाटले.

घराजवळ पाखरांना दाणे घालून त्यांना निरखणे ही विलायती हौस आहे, असा आपल्याकडे समज आहे. एका अर्थी तो खरा आहे. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात जॉन फ्रीमन डोव्हॅस्टन या गृहस्थाने १८२५च्या सुमारास गुरांच्या जुन्या गव्हाणीचे पाखरांसाठी खाद्यपात्र केले आणि हिवाळ्यात तिथे कोणकोण येते याची टिपणे ठेवली. आज काचेच्या खिडकीबाहेर टांगतात त्या पात्रांची ही पणजी.

योगायोग असा की, त्याच काळात आपल्या मुलखातही पाखरांची नोंद चालू होती. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी १८२४पासून सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करत हिंडत होता. पिके, वजने, मापे यांच्याबरोबर त्याने पाखरेही मोजली. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. आपली घार त्याने 'गोविंदा' या नावाने नोंदवली, सह्याद्रीतल्या काळ्या बुलबुलाला 'गणेसा' म्हटले, एका चंडोलाला 'देवा' हे नाव दिले. ही नावे शास्त्रात आजही टिकून आहेत. मराठे कोणत्या पाखराला काय म्हणतात, हेही त्याने जागोजाग लिहिले. पण त्याचे पाहणे बंदुकीच्या नळीतून होते. पाखरू पाडायचे, पोट उघडायचे, आत दाणे आहेत की किडे ते लिहायचे. ते दाणे कोणाच्या अंगणातले, हा प्रश्न त्याच्या तक्त्यात बसणारा नव्हता.

बंदूक खाली ठेवून घरातूनच पाखरे पाहणारा पुढचा माणूस साताऱ्यात जन्मलेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे 'ईहा', काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून पुढे जकात आणि मीठ खात्यात गेला. मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवरचे त्याचे पुस्तक १९००चे. त्यानंतर तीसेक वर्षांनी सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला राहत्या घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत महिनोन्‌महिने निरखली आणि एक नर एकापाठोपाठ अनेक माद्यांशी संसार मांडतो हे दाखवून दिले. छापील इतिहास हा असा आहे. त्यात ओट्यावर बसून भात पाखडणारी बाई कुठेच नाही.

मी पुन्हा त्या घरी गेलो तो तिच्यासाठी. आजींना विचारले, वर्षभरात कोणते पाखरू कधी येते? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग विचारले, वर्षभरात अंगणात काय काय काम चालायचे? तेव्हा पंचांग उलगडले.

भाद्रपदात पितरांचे पान, म्हणजे कावळा. आश्विनात दारावर लोंब्या, म्हणजे चिमण्या. त्याच सुमारास पलीकडच्या ओहोळावर शेपटी हलवत धोबी दिसतो, हिमालयाकडून उतरलेला. कार्तिकात खळे सारवायचे, भात झोडायचे, वाऱ्यावर उफणायचे. उडवीभोवती होले आणि मुनियांचे थवे. पुढे वर्षभर रोज लागेल तेवढे भात उखळात सडायचे. सुपातून कोंडा उडायचा, कणी सांडायची. कोंबड्या, चिमण्या आणि साळुंक्या त्यावर एकत्र जेवायच्या. पूर्वेला, जिथे पाऊस उतरतो आणि ज्वारी सुरू होते, तिथे हिवाळ्यात मध्य आशियातून भोरड्या आणि पश्चिमेकडून भारीट येतात. आजींच्या माहेरी त्यांच्यावर गोफण चाले. उन्हाळ्यात अंगणातली पाण्याची काथवट. मग पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडू लागला की कणगीतले बियाणे बाहेर. आषाढात डोंगर दिसेनासा झाला की चिमण्या पडवीच्या आढ्याला.

पाखरांसाठी असे वेगळे काम त्या घरात कोणी करत नव्हते. भात सडणे हेच पाखरांना घालणे होते आणि सूप हलवता हलवता नजर जाई तेच पक्षिनिरीक्षण. श्रम बायकांचे होते, म्हणून ही नोंदही त्यांच्याकडेच राहिली.

या सोबतीचे वय किती असावे? २०१८ साली चिमण्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसापासून दूर, रानात राहणाऱ्या मध्य आशियातल्या चिमणीशी घरचिमणीची तुलना केली, तेव्हा घरचिमणीत पिठूळ अन्न पचवण्याशी निगडित जनुकात बदल आढळला. दोघींची वाट वेगळी झाली ती सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, म्हणजे माणूस शेती करू लागला त्या सुमारास. आपण धान्याला लागलो आणि चिमणीही आपल्याबरोबर लागली. लोंब्यांवरचा तिचा हक्क आजींनी कोणताही शोधनिबंध न वाचता मान्य केला होता.

आता भात गिरणीत जाते. कणी आणि कोंडा गिरणीतच राहतो. मळणी यंत्रावर होते, अंगणात फरशी आली, कौले जाऊन पत्रा-स्लॅब आला. सूप आहे, पण ते लग्नात निघते. चिमण्या नाहीशाच झाल्या असे म्हणायला आधार नाही. २०२०च्या देशव्यापी पक्षी अहवालानुसार त्यांची संख्या एकूण देशात साधारण टिकून आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. या खोऱ्यात त्या आजही आहेत. त्यांचे ताट मात्र हलले आहे.

आजींच्या नातवाने पुण्याहून प्लास्टिकचे खाद्यपात्र आणून टांगले आहे. त्यात बाराही महिने बाजरी असते. हेतू चांगला आहे, पण चिमणीच्या पिलांना कोवळे किडे लागतात, घरट्याला फट लागते. ते त्या नळकांड्यात नाही. ऋतू न पाहता, पोत्याने दाणे टाकण्याचा शेवट कुठे होतो, ते २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून पेटलेल्या वादात मुंबईने पाहिले. जुन्या अंगणात दाणे कामाच्या हिशेबाने सांडत, म्हणून ते कधी फार झाले नाहीत.

गेल्या आश्विनात गेलो तेव्हा आजी थकल्या होत्या. मी आणलेल्या वहीत महिन्यांची नावे घालून त्यांचे पंचांग लिहून घेत होतो. नातू शेजारी बसून आपली भर घालत होता, कारण पात्रावर कोण येते हे त्यानेही पाहून ठेवले होते. भाद्रपदाच्या ओळीपाशी आजी थांबल्या. म्हणाल्या, "कावळा आता उशिरा येतो, ते बी लिवा."

लिहिले. वर चौकटीवर नवी जुडी होती आणि तिच्यामागे गेल्या वर्षीची, दाणा न उरलेली. मी नातवाला विचारले, जुनी काढत का नाहीस? तो म्हणाला, "चिमण्या काड्या नेतात तिच्या. घरट्याला."