पोकरचे टेबल आणि आशियातील कॅसिनोनगरी

मकाऊ, मनिला, जेजू, सिंगापूर. गेल्या दोन दशकांत आशियाच्या नकाशावर आलिशान कॅसिनो-रिसॉर्टची एक रांगच उभी राहिली. सुट्टीसाठी तेथे जाणाऱ्या भारतीयांची संख्या वाढली, तसे पोकर या पत्त्यांच्या खेळाबद्दलचे कुतूहलही वाढले. मात्र पडद्यावर दिसणारे पोकर आणि कॅसिनोतील खऱ्या टेबलावरचे पोकर यांत बरेच अंतर आहे. हा खेळ, त्याचे अर्थकारण आणि त्याभोवतीचे कायदे यांची ही ओळख.

खेळ कसा चालतो?

आशियातील कॅसिनोंमध्ये प्रामुख्याने 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार खेळला जातो. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून वाटली जातात. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात. हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी सर्वांत भारी, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. समोरचे सारे पाने टाकून मोकळे झाले, तर पाने न दाखवताही डाव खिशात पडतो.

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पाने न पाहता खेळणे. पोकरमध्ये 'ब्लाइंड' म्हणजे पाने वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंनी आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम. 'स्मॉल' आणि 'बिग' या दोन ब्लाइंडवरूनच टेबल स्वस्त की महाग ते ठरते.

गणितही पाहण्यासारखे आहे. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. कोणतीही जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा. एक्क्यांची जोडी एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पानांविरुद्ध शेवटपर्यंत खेळली, तर १०० पैकी सुमारे ८५ वेळा जिंकते. याचाच अर्थ, सर्वोत्तम पाने हाती असूनही सुमारे १५ वेळा हार पत्करावी लागते. एका रात्रीच्या निकालावरून कौशल्याचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

कॅसिनोचे उत्पन्न

रूलेट किंवा बॅकारा या खेळांत ग्राहक कॅसिनोविरुद्ध खेळतो आणि नियमांतच कॅसिनोचे पारडे किंचित जड ठेवलेले असते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो टेबल, पाने व डीलर पुरवतो आणि प्रत्येक डावातील जमा रकमेतून ठरावीक कपात करतो. या कपातीला 'रेक' म्हणतात. ती सहसा टक्केवारीत असते आणि तिला वरची मर्यादा असते.

ही कपात किरकोळ वाटते. पण समजा, नऊ खेळाडू प्रत्येकी १० हजार हाँगकाँग डॉलर घेऊन बसले, तासाला ३० डाव झाले आणि दर डावाला सरासरी ६० डॉलर कापले गेले. आठ तासांत १४ हजार ४०० डॉलर टेबलावरून उठून कॅसिनोच्या पेटीत जातात. ९० हजारांतला जवळपास सहावा हिस्सा कुणीही न जिंकता नाहीसा होतो. पोकर हा कौशल्याचा खेळ मानला, तरी बरोबरीच्या कौशल्याचे खेळाडू एकत्र बसल्यास दीर्घकाळात सगळेच हरतात, हे या हिशेबातून दिसते.

मकाऊचा उदय

मकाऊत जुगाराला १८४७ साली, पोर्तुगीज अमलात, कायदेशीर मान्यता मिळाली. १९६२ पासून चार दशके हा व्यवसाय स्टॅन्ली हो यांच्या कंपनीच्या मक्तेदारीत होता. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मकाऊ चीनकडे परतले आणि २००२ मध्ये मक्तेदारी संपली. २००४ मध्ये 'सँड्स मकाओ', २००६ मध्ये 'विन मकाऊ' आणि २००७ मध्ये 'व्हेनेशियन मकाओ' सुरू झाले. जुगाराच्या उत्पन्नात मकाऊने २००६ मध्येच लास व्हेगासच्या प्रसिद्ध 'स्ट्रिप'ला मागे टाकले.

याच सुमारास पोकरची लाट आशियात पोहोचली. ख्रिस मनीमेकर या अमेरिकी लेखापालाने २००३ साली इंटरनेटवरील पात्रता फेरीतून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'मध्ये प्रवेश मिळवून २५ लाख डॉलरचे बक्षीस पटकावले आणि जगभर हौशी खेळाडूंची झुंबड उडाली. पुढे मकाऊतील खासगी टेबलांवरील अवाढव्य बोलींची कीर्ती ऐकून फिल आयव्ही, टॉम ड्वान यांच्यासारखे नामवंत खेळाडू तेथे जाऊ लागले. तरीही मकाऊचा राजा बॅकाराच राहिला. पोकरच्या टेबलाला जागा तेवढीच लागते, पण उत्पन्न बरेच कमी, हे त्यामागचे साधे कारण.

मकाऊचे जुगाराचे उत्पन्न २०१३ मध्ये ३६० अब्ज पटाकांवर पोहोचले होते. करोनाच्या काळात, २०२२ मध्ये, ते ४२ अब्जांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २२६ अब्जांवर गेले. दरम्यान, बड्या ग्राहकांना उधारीवर खेळवणाऱ्या 'जंकेट' दलालांची सद्दी संपली. त्यांतील सर्वांत मोठ्या 'सनसिटी'चे प्रमुख अल्विन चाऊ यांना जानेवारी २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली.

अन्य केंद्रे

मनिलातील 'सोलेर' २०१३ मध्ये, तर 'सिटी ऑफ ड्रीम्स' २०१५ मध्ये सुरू झाले. मोठ्या रकमेच्या स्पर्धांसाठी ओळखली जाणारी 'ट्रायटन' मालिका २०१६ मध्ये मनिलातच सुरू झाली आणि नंतर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरही भरली. कोरियात एक कॅसिनो वगळता अन्यत्र कोरियन नागरिकांना प्रवेश नाही. सिंगापुरात २०१० मध्ये दोन रिसॉर्ट उभी राहिली. तेथे परदेशी पाहुण्यास प्रवेश विनामूल्य आहे. स्थानिकाला मात्र २०१९ पासून २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. जुगाराच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस कॅसिनोबंदी करावी, असा अर्ज तिचे कुटुंबीयही करू शकतात. जुगाराचा पैसा हवा, पण त्याची झळ आपल्या घरांना नको, हे धोरण यातून स्पष्ट होते.

गोवा आणि महाराष्ट्र

गोव्यातही हाच विचार दिसतो. तेथील १९७६ च्या कायद्यातील दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील आणि जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगी मिळाली. मांडवीतील 'डेल्टिन रॉयल'वर २०१७ मध्ये 'वर्ल्ड पोकर टूर'ची भारतातील स्पर्धा झाली. फेब्रुवारी २०२० पासून मात्र स्वतः गोवेकरांना कॅसिनोत जाण्यास बंदी आहे. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोविषयक कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायचे खेळ इंटरनेटवर उपलब्ध करून देण्यास केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने देशभर मनाई केली आहे.

जाण्यापूर्वी

मकाऊ व सिंगापुरात कॅसिनोप्रवेशासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मकाऊच्या टेबलांवर सहसा हाँगकाँग डॉलर चालतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीने परदेशात जिंकलेली रक्कमही येथे करपात्र ठरते. अशा उत्पन्नावर ३० टक्के दराने कर व त्यावर उपकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. नऊ रात्री हरून दहाव्या रात्री जिंकणाऱ्याची दहावी रात्रच प्राप्तिकर खाते पाहते. परकी चलनाच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक आदींसाठी परदेशी पैसे पाठवण्यास मनाई आहे. त्यामुळे मोठी रक्कम नेण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

दलालाने देऊ केलेली उधारी कटाक्षाने टाळावी. परदेशातील टेबलावर हरलेली रक्कम गावी परतल्यावर रोखीने चुकती करण्याचा व्यवहार थेट हवालाच्या वाटेने जातो. हॉटेलचे भाडे भरले, परतीचे तिकीट हाती असले आणि हरण्याची रक्कम आधीच बाजूला काढली असली, तर पोकरची एक संध्याकाळ मनोरंजनाच्या खर्चात मोडते. त्या रकमेची मर्यादा मात्र टेबलावर बसण्यापूर्वीच ठरवायला हवी.