पावलांचा हिशेब

चालणें आरोग्यास हितकर, ही समजूत फार जुनी आहे. देहास फार शीण होणार नाहीं इतपत चालल्यानें आयुष्य, बल, बुद्धि व जठराग्नि हीं वाढतात, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे; आणि जेवणानंतर शतपावली घालण्याचा परिपाठ महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. परंतु समजूत निराळी आणि पुरावा निराळा. हा पुरावा हातीं येऊं लागला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तोहि लंडनच्या दुमजली बसगाड्यांत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें हृदयविकारानें मरणाऱ्यांची संख्या वाढत होती. डॉ. जेरी मॉरिस यांनीं तिचें कारण माणसांच्या कामांत शोधलें. एकाच बसगाडीवर दोघे नोकर असत. ड्रायव्हर जवळजवळ सारा वेळ बसून असे. कंडक्टर तिकिटें देत दिवसाकांठीं सुमारें ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कंडक्टरांना हृदयविकार कमी होई आणि झालाच तर तो कमी घातक ठरे. टपाल वांटणारे पोस्टमन व बसून काम करणारे नोकर यांच्यांतहि असाच भेद आढळला.

आतां कोणी म्हणेल, मुळांतच स्थूल माणसें ड्रायव्हर होत नसतील कशावरून? मॉरिस यांनीं ही शंका टाळली नाहीं. त्यांनीं गणवेशाच्या पाटलोणींचीं मापें तपासलीं, तों ड्रायव्हरांची कंबर तरुणपणींच मोठी निघाली. १९५६ सालीं त्यांनीं हेंहि प्रसिद्ध केलें. शंका खरी ठरली, तरी पुढील अनेक पाहण्यांत मूळ सिद्धांत टिकून राहिला.

पण रोज चालावें तरी किती? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ सालीं, जपानमध्यें पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'दहा हजार पावलांचें मापक'. हा आंकडा प्रयोगशाळेंतून नव्हे, तर बाजारांतून जगभर पसरला. ज्याला तो गांठतां येईना, त्याला आपलें थोडें चालणें व्यर्थ वाटूं लागलें.

तें व्यर्थ नव्हतें. २०१९ सालीं अमेरिकेंत आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सरासरी ७२ वर्षें वयाच्या १६,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण ४१ टक्क्यांनीं कमी होतें. ७,५०० च्या पुढें मात्र लाभ फारसा वाढत नव्हता. दुखणाईत माणूस आधींच कमी चालतो, ही शंका येथेंहि राहतेच; तरी पहिल्या थोड्या अधिक पावलांचें मोल त्यावरून ध्यानांत येतें.

लंडनचे ते कंडक्टर व्यायाम म्हणून एकहि पायरी चढले नव्हते. पोटासाठीं करावयाच्या कामांतच त्यांच्या आरोग्याची राखण होत होती.