सोमसूत्रापर्यंत आणि परत

चपला काढा. तुम्ही निलंग्यात, नीळकंठेश्वराच्या देवळासमोर उभे आहात आणि सकाळची फरशी अजून गार आहे. शंकराची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत, हे आजीनं शिकवलं असेलच. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सोमसूत्रापर्यंत जायचं, ते न ओलांडता आल्या वाटेनं परतायचं. आज काळातही तसंच फिरू.

पहिला कोन वळता आणि रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज विरतो. दुसऱ्या कोनाशी विजेचे खांब नाहीत. चालत राहा, रेंगाळायचं ते परतताना. आठेकशे वर्षं मागं गेलात की भिंतच नाहीशी होते. समोर साफ केलेली जमीन, काळ्या दगडांचे ढीग, सोडलेले बैल. मधोमध एक खुंटी. तिला दोरी बांधून सूत्रधार वाकलेला आहे. नाटकातला सूत्रधार आपल्याला माहीत, पण इथं तो शब्द अक्षरशः खरा आहे: ज्याच्या हाती सूत, तो सूत्रधार.

तो एक चौरस आखतो. खुंटी तीच ठेवून चौरस जरासा फिरवतो, पुन्हा आखतो. पुन्हा फिरवतो. चौरसांचे कोपरे एकमेकांबाहेर डोकावतात आणि जमिनीवर चांदणी उमटते. तारकाकृती देवळाचं सगळं गुपित या दोरीत आहे. भिंत सपाट असती तर तिच्यावर ऊन एकदमच आलं असतं. कोनांमुळं ते एकेका पाटीवर पाळीनं येतं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे दगडात कोरलेल्या अप्सरा, दिवसभरात एकामागून एक उजळतात त्या यामुळंच. मला या देवळात सर्वांत जास्त हेच आवडतं: पाथरवटानं दगड घडवला, तेव्हा त्यानं सावलीही घडवली.

भिंती उभ्या राहतायत, जवळ जा. दोन दगडांमध्ये चुना नाही. एकाला कूस, दुसऱ्याला खोबण, वर दगडाचाच भार. आत तीन गाभारे आहेत, नीळकंठ, विष्णू आणि हरगौरी यांचे, म्हणून याला त्रिदल मंदिर म्हणतात. मंडपाच्या मधोमध उभं राहून नुसती मान वळवली की तिघांचं दर्शन.

कामावर कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर पडतात. चालुक्यांचं कल्याण, आजचं बसवकल्याण, इथून पायी दोनेक दिवसांच्या वाटेवर. शरीरालाच देऊळ मानणारे बसवेश्वर बाराव्या शतकात तिथंच होते. देवळाचा काळ बारावं-तेरावं शतक सांगतात. आपण याला सवयीनं हेमाडपंती म्हणतो, पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला आणि ही बांधणी त्याच्याही आधीपासूनची. एका कारभाऱ्याचं नाव चिकटलं आणि हजारो पाथरवटांची नावं गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सोमसूत्र आलं. थांबा. परत फिरा.

पहिल्याच कोनाशी यादव संपतात. पुढच्या कोनाशी बहमनींनी बिदरला राजधानी केलेली असते. मग निजामी. सावलीत एक शेतकरी उर्दू कागद हातात धरून बसलाय. भाषा त्याची मराठी, दफ्तर उर्दूत, खिशात निजामाचा हाली रुपया. कुणीतरी वाचून दाखवील म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघतो. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात आहे. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण येतो. 1956 ला तालुका उस्मानाबादेत जातो, 1982 ला नव्या लातूर जिल्ह्यात येतो. देऊळ तसूभर हललेलं नाही, जिल्हा मात्र दोनदा बदलला.

आता अंधार. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. काल गणपती बोळवून गावं थकून निजलीत. पायाखालून भूकंपाची गुरगुर येते. पलीकडं औसा तालुक्यात किल्लारी कोसळतं, आसपासची कितीतरी गावंही. तिथल्या भिंतीही दगडाच्याच होत्या, हातभर जाड. पण गोल दगड मातीत रचलेले, आतली आणि बाहेरची बाजू सांधणारा लांब दगड नाही, आणि वर माळवदावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात ज्या मातीनं घर गार ठेवलं तीच अंगावर आली. हजारो माणसं झोपेतच गेली. अंधारात तुमचा हात आपसूक देवळाच्या भिंतीवर जातो. बोटांना दोन दगडांमधला सांधा लागतो, केसाएवढा. काढू नका हात लगेच.

उजाडतं. रिक्षांचे आवाज परत येतात. शाळेची पोरं दप्तरं सावरत पळतायत, पायरीशी कुणी बेलाचं पान ठेवलंय. तुम्ही निघालात तेव्हा सावलीत असलेल्या कोनावर ऊन आलंय, आणि तिथली सुरसुंदरी उजळू लागलीय.