शुद्धीवर आलेला लक्षाधीश

श्रीमंतांची टिंगल करणारे चित्रपट श्रीमंतही तिकीट काढून पाहतात आणि पोटभर हसतात. म्हणून अशा विनोदाची परीक्षा हशावरून करता येत नाही. हसून झाल्यावर माणसामाणसांतले अंतर कुठे उरले, हे पाहावे लागते. महामंदीच्या काळातले दोन अमेरिकन चित्रपट त्यासाठी शेजारी ठेवतो.

१९३३ साली अमेरिकेतल्या कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. ग्रेगरी ला कावा यांच्या 'माय मॅन गॉडफ्रे' (१९३६) मध्ये न्यूयॉर्कचे धनिक आपल्या खेळासाठी उकिरड्यावरून एक कंगाल माणूस 'वस्तू' म्हणून उचलून आणतात. प्रहार जबरदस्त आहे. पण पुढे हा माणूस बोस्टनच्या बड्या घराण्यातला निघतो! त्याची अदब, त्याचे शहाणपण कुळाच्या खाती जमा होते. सूताघरी वाढलेल्या कर्णाचे शौर्य क्षत्रिय जन्माच्या खाती जमा करणारी परंपरा आपल्याला नवी नाही.

चार्ली चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) मधल्या भणंगाला असे कुळ नाही. लहानपणी लंडनच्या निराधारगृहात राहिलेल्या चॅप्लिनला ते सुचणारही नव्हते. आरंभीच 'शांती आणि समृद्धी'च्या पुतळ्यावरचे कापड दूर होते, तर पुतळ्याच्या मांडीवर हा झोपलेला! प्रतिष्ठितांच्या भाषणांना शब्दच नाहीत, नुसती पिपाणी वाजते. जीव देऊ पाहणाऱ्या एका लक्षाधीशाला भणंग वाचवतो. दारूच्या नशेत तो भणंगाला मित्र म्हणून मिठी मारतो. शुद्धीवर येताच ओळख विसरतो. नशेत त्याने दिलेल्या पैशापायी भणंगाला तुरुंग भोगावा लागतो.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. समतेच्या व्यासपीठावर खांद्यावर हात ठेवणारे काही लोक दुसऱ्या दिवशी ओळख देत नाहीत, हा अनुभव माझ्या गाठीशी आहे. त्यामुळे हा लक्षाधीश मला परका वाटत नाही. गॉडफ्रेत समता जन्मावर अवलंबून आहे, इथे धनिकाच्या लहरीवर. फरक एवढाच की चॅप्लिन ती लहर उघडी पाडतो.

शेवटी, भणंगाच्या खटपटीमुळे दृष्टी मिळालेली फुलवाली त्याला पाहून आधी हसते. मग दयेने त्याच्या हातावर नाणे ठेवताना स्पर्श होतो आणि त्या स्पर्शानेच ती त्याला ओळखते. ज्यांचा स्पर्श पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानला गेला, त्यांच्या मुलांनी हा प्रसंग आपल्या अभ्यासवर्गात जरूर पाहावा. त्यावर बोलण्यासारखे आपल्यापाशी इतरांहून अधिक आहे.