माशी, ओंडका आणि पेटी

मधमाशी पाळणे, असे आपण सहज म्हणून जातो; कोणती मधमाशी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. शासकीय सेवेत असताना मधपेट्यांच्या एका प्रस्तावावर ‘मंजूर’ असा शेरा आम्हीही मारला होता. त्या पेट्यांत कोणती माशी नांदणार, हे पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर युकातानचा इतिहास वाचनात आला, तेव्हा ती चूक मनाला लागली.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील माया लोक स्पॅनिश स्वारीच्या कित्येक शतके आधीपासून ‘शुनान काब’ ही माशी पाळत आले आहेत. या माशीला डंख मारता येत नाही. तिचे घर म्हणजे पोकळ ओंडका. त्याची दोन्ही टोके लाकडाच्या किंवा दगडाच्या चकतीने बंद करून चिखलाने लिंपायची आणि असे ओंडके शाकारलेल्या मांडवाखाली आडवे रचायचे, ही त्यांची रीत. मायांच्या माद्रिद येथील प्राचीन पोथीत मधमाश्यांची पानेच्या पाने आहेत. पुढे सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेने याच लोकांकडून मेण आणि मध खंडणी म्हणून वसूल केला.

१८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी माशीला ये-जा करण्यापुरती, सुमारे ९ मिलिमीटरची फट चौकटींभोवती ठेवून पेटी बनवली. पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. ती पेटी युरोपीय माशीच्या स्वभावाबरहुकूम होती. शुनान काब अंड्या-अळ्यांचे थर आडवे रचते आणि मध मेणाच्या कुप्यांत साठवते. तिला उभ्या चौकटींचा काय उपयोग? विसाव्या शतकात युरोपीय माशी युकातानात पसरली. तिचा मध कित्येक पटींनी अधिक; देशी माशीचा वर्षाकाठी किलो-दोन किलो. त्यातच जंगले तुटली आणि ओंडके ओस पडत गेले.

माशीच्या स्थलांतराचे परिणाम इतरत्रही दिसले. आशियात युरोपीय माशी आणल्यावर आपल्या सातेरीच्या जातीवरील व्हरोआ ही परजीवी कीड तिला लागली आणि जगभर पसरली. सातेरीला त्या किडीशी जुळवून घेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती; पाहुणीला नव्हती. सातेरीवरही संकट आलेच. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतात तिच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या आणि त्यानंतर तेथे युरोपीय माशीच्या पेट्या आल्या. तरीही सातेरी टिकून आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, ते सह्याद्रीतील याच परंपरेच्या बळावर.

परकी माशी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तिने अनेकांचे संसार उभे केले. परंतु माशीचा स्वभाव न पाहता पेटी मंजूर करणे म्हणजे घरात राहणाऱ्याला न विचारता घर बांधणे होय.

शुनान काबच्या कुळातील माश्यांची एक रीत आम्हांला विशेष भावली. युरोपीय माश्यांचा थवा जुने घर सोडतो तो एकदमच. या माश्या मात्र नवे बिऱ्हाड मांडताना कित्येक दिवस मूळ घरी ये-जा करीत राहतात आणि तेथील मेण व मध नव्या घरी नेतात. घर थाटल्यावरच ही ये-जा थांबते. पिढ्यांपूर्वी मुलूख सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.