मुलुंडच्या प्रयोगशाळेतील दोन रेणू : वनस्पतिजन्य औषधसंशोधनाचा एक अध्याय

प्रस्तावना

भारतीय औषधउद्योगाचा इतिहास सामान्यतः १९७० च्या पेटंट कायद्यापासून सांगितला जातो. या कायद्यान्वये औषधाच्या रेणूला नव्हे, तर तो तयार करण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळत असे. परिणामी परदेशी औषधे निराळ्या मार्गाने व स्वस्तात बनविण्याचे कौशल्य देशात वाढले. मात्र त्या काळात येथे नवे रेणू शोधलेच गेले नाहीत, असा समजही रूढ झाला. मुंबईच्या मुलुंड उपनगरातील हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या संशोधन केंद्राचे कार्य या समजाला छेद देते. तेथील दोन रेणूंचा परामर्श येथे घेतला आहे.

माईनमुळा आणि फोर्स्कोलिन

भारतीय वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर चाचणी घेताना कोलिअस फोर्स्कोहली या वनस्पतीच्या मुळांचा अर्क रक्तदाब कमी करतो, असे या केंद्रात आढळले. ही वनस्पती अपरिचित नव्हती. महाराष्ट्रात 'माईनमुळा' व गुजरातीत 'गरमर' म्हणून तिच्या मुळांचे लोणचे घातले जाते. मुळांतून वेगळ्या केलेल्या फोर्स्कोलिन या डायटर्पीन संयुगाची माहिती १९७७ मध्ये सुजाता भट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही याच वनस्पतीतून 'कोलिओनॉल' मिळविले होते. ही दोन्ही संयुगे एकच असल्याचे पुढे मान्य झाले.

या रेणूचे खरे महत्त्व १९८१ मध्ये अमेरिकेतील सीमन व डेली यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. फोर्स्कोलिन पेशीतील ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट उद्दीपित करते व चक्रीय एएमपी या संदेशवाहकाचे प्रमाण वाढविते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाचे आकुंचन जोमदार होते. परंतु हे विकर बहुतेक सर्व ऊतींत असते, शिवाय हा रेणू पाण्यात फारसा विरघळत नाही. म्हणून औषध म्हणून त्याची वाटचाल मर्यादित राहिली. जपानमध्ये मात्र त्याचे पाण्यात विरघळणारे रूप, कोलफोर्सिन डॅरोपेट, तीव्र हृदयविकारातील उपचारासाठी १९९९ मध्ये उपलब्ध झाले. पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत तर फोर्स्कोलिन हे आजही नित्याचे साधन आहे.

रोहिटुकीन ते फ्लेवोपिरिडॉल

दुसरा रेणू कडुनिंबाच्या कुळातील डिसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम या वृक्षातून पुढे आला. त्यातील रोहिटुकीन या अल्कलॉइडवरील मुलुंडचे संशोधन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी लक्ष होते ते त्याच्या दाहशामक गुणांवर. त्याच्या रचनेतील मिथिल गटाच्या जागी क्लोरोफिनिल गट आणून फ्लेवोपिरिडॉल तयार करण्यात आले. पेशीविभाजनाचे चक्र पुढे नेणाऱ्या सायक्लिनावलंबी कायनेज विकरांना ते रोखते. या प्रकारचे मानवी चाचण्यांत उतरलेले हे पहिलेच औषध होय. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या विरळ रक्तकर्करोगासाठी त्याला 'ऑर्फन' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे विक्रीची अनुमती नव्हे. ज्या रोगाचे त्या देशातील रुग्ण दोन लाखांहून कमी आहेत, त्यावरील संशोधनाला दिलेली ती सवलत असते. विक्रीची अनुमती मात्र फ्लेवोपिरिडॉलला मिळाली नाही. त्याच तत्त्वावरील पाल्बोसिक्लिब हे दुसऱ्या कंपनीचे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले.

समारोप

१९९८ मध्ये मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामल कंपनीकडे गेले. विक्रीच्या हिशेबाने पाहता या दोन रेणूंच्या खात्यावर फारसे काही जमा नाही. तथापि पेशीतील संदेशवहन कसे चालते हे तपासण्याचे साधन एकाने दिले, तर पेशीविभाजन रोखून कर्करोगावर उपचार शोधता येतो का, हा प्रश्न दुसऱ्याने प्रथमच रुग्णापर्यंत नेला. औषधसंशोधनाचा इतिहास केवळ यशस्वी गोळ्यांचा मानला, तर हे श्रेय नोंदीबाहेर राहते. मुलुंडचा अध्याय वाचताना दुकानात पोहोचलेल्या औषधाइतकेच, पुढच्या संशोधकाच्या हाती पडलेल्या ज्ञानालाही मोल द्यावे लागते.