विषाद आणि शरीर

ताप उतरून आठवडा लोटला तरी मनुष्यास उठवत नाहीं, अन्नाला चव लागत नाहीं, आप्तेष्टांचें बोलणेंही नकोसें होतें. हा अनुभव मोसमकांठच्या नामपूरपासून मुंबईपर्यंत घरोघर आहे. त्यास 'अशक्तपणा' म्हणून आम्ही सांभाळून घेतों. परंतु तापावांचून तीच दशा आली, कीं त्याच मनुष्यास आम्ही आळशी किंवा दुबळ्या मनाचा ठरवितों. हा भेद न्याय्य आहे काय? या प्रश्नाचें उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांच्या वैद्यकाच्या इतिहासांत सांपडतें, आणि त्या इतिहासाचें एक टोंक आपल्याच प्रांतांत आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा उपयोग १९४९ सालीं जगापुढें मांडला. त्या मुळींतून १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांचें मन खचतें, असें वैद्यांनीं नोंदलें; तें मेंदूंतील सेरोटोनिनादि द्रव्यांचा सांठा रिता करतें, हें प्रयोगशाळेंत दिसलें. मेंदूंतील अशा द्रव्यांची उणीव हेंच विषादाचें मूळ, हा १९६५ च्या सुमाराचा सिद्धांत कांहीं अंशीं यावरच उभा राहिला. रेसर्पिन आणि विषाद यांचा संबंध पुढें डळमळीत ठरला. तथापि शोधाची वाट मोकळी झाली.

१९९१ सालीं रोनाल्ड स्मिथ यांनीं निराळेंच मत मांडलें: रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पेशी जीं निरोपी द्रव्यें सोडतात, तींच मन खचवितात. २००१ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत, संरक्षक यंत्रणा चेतविणारें इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० कर्करोग्यांपैकीं निम्म्यांस विषादावरील औषध आधींच सुरू केलें. त्यांच्यांत शेंकडा ११, तर नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ४५ विषादग्रस्त झाले.

हा दाह एकटा येत नाहीं. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा दोन. परंतु प्राणवायूचा खर्च सुमारें शेंकडा वीस. त्या ज्वलनांतून निपजणारे दाहक अंश आवरण्यास शरीराचीं रक्षक द्रव्यें अपुरीं पडलीं, कीं मेंदूंतील स्निग्धांश जळूं लागतात. त्या हानीनें दाह वाढतो, आणि दाहानें हानि.

मग दाह शमविला म्हणजे विषाद जाईल काय? २०१३ सालीं ६० रोग्यांवर तसा प्रयोग झाला. सरसकट गुण आला नाहीं. ज्यांच्या रक्तांत दाहाचें चिन्ह अधिक, त्यांच्यांतच तो दिसला. म्हणजे प्रत्येक विषाद दाहजन्य नव्हे. कर्ज, वियोग, एकाकीपणा हीं कारणें खरींच आहेत. पण दीर्घ काळच्या चिंतेनेंही शरीरांत दाह वाढतो, हें विसरतां येत नाहीं.

रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकानें विषादास अग्रस्थान दिलें आहे. रोगही विषाद वाढवितो, ही दुसरी बाजू नव्या संशोधनानें दाखविली. खचलेल्या मनुष्यास 'मन घट्ट कर' असा उपदेश करणें, म्हणजे ज्वरपीडितास 'अंग थंड ठेव' म्हणून बजावणें होय. त्यास दोष न देतां वेळींच वैद्याकडे नेणें, हेंच शहाण्या कुटुंबाचें कर्तव्य, असें आम्हांस वाटतें.